मोबाईल संचाचे कुलूप आणि क्रमांकाचा हक्क

आपल्या शाळेकडे माजी विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या भेटींचे स्वरूप अलीकडे बदलले आहे. पूर्वी वह्या, ब्लँकेटे, ग्रंथ आणि धान्य येत असे. आता त्यांच्या जोडीला वापरलेले स्मार्टफोनही येतात. मुंबई-पुण्यात स्थिरावलेले, क्वचित आखाती देशांत किंवा अमेरिकेत गेलेले आपले बंधुभगिनी नवा फोन घेतला की जुना कोणा होतकरू मुलाला मिळावा म्हणून पाठवतात. भावना मोलाची आहे. परंतु असा फोन गावी पोहोचतो, चार्ज होतो, पडदा उजळतो आणि घरचे सिम घातल्यावर रेंजच येत नाही, हा अनुभव अनेक पालकांच्या वाट्याला आलेला आहे. मग कोणी फोनला नावे ठेवतो, कोणी सिम बदलतो, आणि शेवटी तो संच फळीवर पडून राहतो. पुष्कळदा दोष संचाचाही नसतो आणि सिमचाही नसतो. त्या दोघांची गाठ का पडत नाही, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय स्मरणिकेत घेण्याचे कारण उघड आहे. महाडीबीटी संकेतस्थळावरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा तर ओटीपी मोबाईलवर येतो. बँक खाते आधारशी जोडलेले असते आणि आधारशी एक मोबाईल क्रमांक जोडलेला असतो. अकरावीची, अभियांत्रिकीची, परिचर्या अभ्यासक्रमाची प्रवेशफेरी, भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज, सर्वत्र तोच दहा आकडी क्रमांक विचारला जातो. फोन चालत नाही किंवा क्रमांक हातचा गेला म्हणजे केवळ बोलणे खुंटते असे नाही; मुलाचे वर्ष अडते.

आपण सैलपणे ज्याला ‘फोन’ म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली गोष्ट म्हणजे संच. प्रत्येक संचाला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे क्रमाने दाबली की तो पडद्यावर दिसतो. दोन सिमच्या संचाला असे दोन क्रमांक असतात. दुसरी गोष्ट म्हणजे सिम. त्याच्या आत ग्राहकाची स्वतंत्र ओळख नोंदलेली असते आणि त्या ओळखीचे पहिले आकडे देश व कंपनी सांगतात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. तिसरी गोष्ट म्हणजे आपण लोकांना देतो तो दहा आकडी क्रमांक. तो संचातही कोरलेला नसतो आणि सिमशीही कायमचा बांधलेला नसतो. कोणता क्रमांक कोणत्या सिमवर वाजवावयाचा याची नोंद कंपनीच्या दप्तरी असते. म्हणूनच संच, सिम आणि कंपनी या तिन्ही बदलूनही क्रमांक तोच ठेवता येतो.

संचाचे कुलूप म्हणजे त्याच्या आज्ञावलीत लिहिलेली एक अट. फोन सुरू होताना तो सिमवरील देशाचे व कंपनीचे आकडे वाचतो. ते ठरवून दिलेल्या कंपनीचे नसतील तर सिम नाकारतो. ही अट ज्यात नाही किंवा रीतसर काढून टाकली आहे, तो अनलॉक फोन. यंत्र तेच, अँटेना तीच, केवळ परवानगीचा फरक. पैसे देऊन वस्तू घरात आणावी आणि ती कशी वापरावी हे मात्र विकणाऱ्याने ठरवावे, असा हा व्यवहार आहे.

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात ते झाले. तेव्हापासून जीएसएम पद्धतीत सिम आणि संच वेगवेगळे विकण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली. कुलूप गावोगाव पोहोचले ते स्वस्ताईच्या मार्गाने. २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरून फोन घेण्याची योजना काढली आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाच्या घरी टेलिफोन नव्हता अशा घरांत फोन वाजू लागला. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो सीडीएमए पद्धतीचा संच त्याच कंपनीच्या सेवेला बांधलेला होता. पुढे ती सेवा बंद झाली आणि असे संच मुलांच्या खेळण्यांत जमा झाले. २०१७ मध्ये आलेला जिओफोनही १५०० रुपयांच्या अनामतीवर मिळे आणि त्यात जिओचेच सिम चाले. एरवी आज भारतात दुकानातून रोखीने घेतलेला स्मार्टफोन बहुधा खुलाच असतो. कुलूप येते ते परदेशातून.

अमेरिकेत सेवाकंपनी ग्राहकाला हप्त्यांवर किंवा कराराने फोन देते आणि करार पुरा होईपर्यंत तो आपल्या सेवेपुरता बांधून ठेवते. तेथे १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या कायद्याने ग्राहकाचा कुलूप काढून घेण्याचा हक्क मान्य झाला. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून कुलूप काढण्याचे शुल्क बंद केले. जपानने ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनने त्याच वर्षी डिसेंबरपासून कुलूपबंद संच विकण्यासच मनाई केली. पण जुने संच फिरतच असतात. परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच की, कुलूप काढण्याचा अर्ज ज्याच्या नावावर करार आहे त्यानेच तेथल्या कंपनीकडे करावयाचा असतो. फोन पेटीत भरण्यापूर्वी ते काम उरकावे. आयफोन असेल तर सेटिंग्जमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ येथे सिमवर निर्बंध नसल्याची ओळ दिसते, ती पाहून घ्यावी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या संचांना तर सिम बसवण्याची खाचच नाही. ते केवळ ई-सिमवर चालतात. आपल्याकडे ई-सिम मिळते. परंतु एका संचातून दुसऱ्या संचात ते बोटाने काढून घालता येत नाही, हे फोन स्वीकारणाऱ्या घराला आधी ठाऊक असावे.

कुलूप नसतानाही कुलूप वाटावे असे आणखी दोन प्रकार आहेत. पहिला खात्याचा. देणाऱ्याने स्वतःचे गूगल किंवा ॲपल खाते न काढता फोन कोरा केला, तर सुरू करताना तो जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतो. चोरीला आळा बसावा म्हणून केलेली ही सोय दानाच्या आड येते. दुसरा हप्त्याचा. कर्जाऊ घेतलेल्या काही संचांत वित्तसंस्थेचे ॲप असते आणि हप्ता थकला की ते पडदा अडवते. या दोहोंवर सिम बदलणे हा उपाय नव्हे. ‘सगळे अनलॉक करून मिळेल’ अशी पाटी लावणारी दुकाने दिसतात, त्यांच्याबाबत सावध असावे. संचाचा आयएमईआय बदलणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे, आणि असा फोन ज्याच्या हाती सापडेल त्याच्या मागे चौकशी लागते. आपल्या मुलांच्या मागे ती मुळीच लागू नये.

आता गगनबावड्याचा खास प्रश्न. फोन खुला आहे, सिम चालू आहे, तरी रेंज नाही, असे का होते? मोबाईलच्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांतून येतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांतील लहरी दूरवर जातात आणि झाडी-भिंतींतून त्यातल्या त्यात बऱ्या पार होतात; २३०० किंवा २५०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांतील लहरी अधिक माहिती वाहतात, पण लवकर क्षीण होतात. शहरात टॉवर जवळजवळ असतात, म्हणून तेथे हा भेद जाणवत नाही. करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावर, दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या वाड्यांत मात्र तोच निर्णायक ठरतो. संचात तो पट्टा ओळखणारी यंत्रणा नसेल तर समोरच्या डोंगरावरचा टॉवरही त्याला दिसत नाही. बीएसएनएल आपल्या फोर-जी सेवेसाठी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरते. त्याला ‘बँड २८’ म्हणतात. जिओ ‘बँड ३’, ‘५’ आणि ‘४०’ वापरते. अमेरिकेसाठी बनवलेल्या जुन्या संचांत ‘बँड ४०’ नसण्याचा संभव असतो. शिवाय जिओकडे टू-जी, थ्री-जी नाहीच. त्यांचा प्रत्येक कॉल व्होल्टी पद्धतीने जातो. ज्या संचात ही पद्धत आपल्या कंपनीसाठी चालत नाही, त्यात इंटरनेट चालेल पण साधा कॉल लागणार नाही. तात्पर्य, अनलॉक असणे आणि उपयोगी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फोन स्वीकारण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकातील पट्ट्यांची यादी पाहावी, आणि सिम घेण्यापूर्वी आपल्या वाडीत, आपल्या घरात कोणाची रेंज आहे ते शेजाऱ्याच्या फोनवर तपासावे. कंपनीच्या जाहिरातीतील नकाशापेक्षा शेजाऱ्याचा अनुभव अधिक भरवशाचा.

संच सुरू करताना सिमचे माप पाहावे. आज बहुतेक सर्व संचांना नॅनो सिम लागते. जुने मोठे सिम कात्रीने कापण्यापेक्षा कंपनीच्या केंद्रातून बदलून घ्यावे. बदललेल्या सिमवर पहिले २४ तास संदेशसेवा बंद ठेवली जाते. त्यामुळे अर्जाच्या अखेरच्या दिवशी हा उद्योग करू नये. रेंज आली पण इंटरनेट नाही, अशी अवस्था असेल तर सेटिंग्जमधील ‘एपीएन’ हा रकाना पाहावा. त्यात त्या कंपनीच्या प्रवेशद्वाराचे नाव असते. जिओसाठी जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. जुन्या कंपनीचे नाव तेथे राहून गेलेले असते आणि माणसे मात्र टॉवरला दोष देत बसतात. यूपीआयचे ॲप नव्या संचात घेताना बँकेत नोंदलेल्या क्रमांकाचे सिम त्याच संचात असावे लागते, कारण ॲप त्या सिमवरून एक संदेश पाठवून खात्री करून घेते.

संचाचे कुलूप निघाले तरी क्रमांकाचे एक कुलूप उरले होते. कंपनी सोडायची तर क्रमांक सोडावा लागे. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. तरीही ती एकाच परिमंडळापुरती होती. आपल्या तालुक्यातील माणसांना याची झळ विशेष बसली. मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आणि उर्वरित महाराष्ट्र गोव्यासह दुसरे. त्यामुळे मुंबईत नोकरीला असताना घेतलेला क्रमांक गावी परतल्यावर गावच्या कंपनीकडे नेता येत नसे. ३ जुलै २०१५ पासून ती भिंतही गेली.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने येथे महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत तो हक्क कागदावरच होता. माणुसकीच्या हक्काची आणि मोबाईलच्या सोयीची बरोबरी करणे शोभणार नाही. तथापि कागदावर मिळालेला हक्क कोणी आणून हातात देत नाही, एवढे साम्य लहान गोष्टींतही दिसते. रेंज नाही म्हणून कुरकुरत त्याच कंपनीचे रिचार्ज वर्षानुवर्षे मारणारी, नाहीतर सिम फेकून नवा क्रमांक घेणारी घरे आजही थोडी नाहीत.

रीत सोपी आहे. संदेशात इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द, मग जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक लिहून १९०० वर पाठवावा. आठ अक्षरांकांचा एक संकेत येतो. तो ४ दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. त्याच परिमंडळात ३ आणि दुसऱ्या परिमंडळातून ५ कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. जुन्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे, आणि हरवलेल्या सिमच्या बदली नवे घेतले असेल तर ७ दिवस थांबावे. रिचार्ज संपले म्हणून १९०० वरचा संदेश अडवता येणार नाही, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये दिलेला आहे. दुकानदार ‘आधी मोठा रिचार्ज मारा’ म्हणाला तर हा आदेश त्याला नम्रपणे सांगावा.

क्रमांक टाकून दिल्यास काय होते, तेही पाहावे. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवस रिकामा ठेवून कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग आपल्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो, आणि आधारमधील क्रमांक बदलण्यासाठी मजुरीचा दिवस मोडून केंद्र गाठावे लागते. ज्यांना दोन कंपन्यांची गरज भासते त्यांनी दोन सिमच्या संचात जुना क्रमांक बँक-आधारसाठी आणि गावात रेंज असलेले सिम इंटरनेटसाठी ठेवावे. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांना इंटरनेट वगळून केवळ कॉल व संदेशांचे पॅक द्यावे लागतात. जुन्या क्रमांकासाठी ते पुरते. दुकानदार आपण होऊन ते दाखवीलच असे नाही, मागून घ्यावे.

फोन पाठवणाऱ्यांसाठी शेवटची काही कामे. आपली सर्व खाती काढून मगच संच कोरा करावा. खरेदीची पावती असल्यास जोडावी. संदेशात इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’ आणि जागा सोडून आयएमईआय लिहून १४४२२ वर पाठवला की तो संच बनावट वा चोरीचा म्हणून नोंदलेला आहे का ते कळते. शाळेकडे येणाऱ्या प्रत्येक फोनची ही तपासणी व्हावी. संच द्यावा, पण आपल्या नावावरचे सिम कधीही देऊ नये, त्यावरून जे काही घडेल त्याची विचारणा आपल्याकडेच होते. आणि पेटीवर एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात: कोणत्या देशात घेतला, कोणत्या कंपनीचे सिम चालत होते, ‘बँड २८’ आणि ‘४०’ आहेत किंवा नाहीत. एवढ्यावरून तो फोन वेसरफच्या मुलाला द्यावा की कोल्हापुरात शिकणाऱ्या मुलीला, हे येथे ठरवता येईल.