पडद्यावरचा लाडका मुलगा : डेव्हिड कॅसिडी

मुलींच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर गायकांची चित्रे चिकटवलेली आम्हां शिक्षकांना दर वर्षी दिसतात. चेहरे बदलतात, चिकटवण्याची हौस तीच राहते. त्यात रागावण्यासारखे काही नाही. पण त्या चित्रातल्या मुलाचे पुढे काय होते, हे मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून आज डेव्हिड कॅसिडीची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

डेव्हिडचा जन्म १२ एप्रिल १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील जॅक कॅसिडी आणि आई एव्हलिन वॉर्ड, दोघेही नट. आईवडिलांचा घटस्फोट झाल्याचे त्याला घरी कोणी सांगितलेच नाही. दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९५६ साली, शेजारच्या मुलांच्या तोंडून त्याला ते कळले. त्याच वर्षी वडिलांनी प्रसिद्ध अभिनेत्री शर्ली जोन्स हिच्याशी लग्न केले. हे दुःख त्याने जन्मभर मनात जपले.

सप्टेंबर १९७० मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 'द पार्ट्रिज फॅमिली' ही मालिका सुरू झाली. विधवा आई आणि तिची पाच मुले मिळून गाण्याचे पथक काढतात आणि रंगीत बसमधून गावोगाव हिंडतात, अशी तिची कथा. गाणाऱ्या काउसिल्स नावाच्या खऱ्या कुटुंबावरून ती सुचली होती. आईची भूमिका शर्ली जोन्स करीत होती आणि थोरला मुलगा कीथ झाला होता डेव्हिड. म्हणजे खरी सावत्र आई पडद्यावर सख्खी झाली! पडद्यावर सगळे कुटुंब वाजवताना दिसे. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रिकांवर नटमंडळींपैकी गळा या दोघांचाच होता, वाद्ये वाजवणारे स्टुडिओतले कसबी वादक.

त्याच वर्षी नोव्हेंबरात 'आय थिंक आय लव्ह यू' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. डेव्हिड तेव्हा वीस वर्षांचा होता. जेवणाचे डबे, पत्ते, मासिके, जिकडे तिकडे त्याचा चेहरा. करार करताना तो अल्पवयीन होता, ही गोष्ट त्याची व्यवस्थापक रूथ आरन्स हिने हेरली आणि नवा, अधिक पैशाचा करार मिळवला. ही बाई १९३६ ची टेबल टेनिसमधील जगज्जेती होती, हेही सांगण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये त्याची लोकप्रियता आणखी वाढली. १९७२ आणि १९७३ साली त्याची गाणी तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पण २६ मे १९७४ रोजी लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावरील कार्यक्रमात रंगमंचाकडे गर्दी लोटली. शेकडो मुली चेंगरल्या. चौदा वर्षांची एक मुलगी चार दिवसांनी मरण पावली. आवडत्या गायकाला जवळून पाहायला गेलेली ही पोर कोणाची तरी लेक होती. हा प्रसंग डेव्हिड कधी विसरला नाही. मालिका त्याच वर्षी मार्चमध्ये संपली होती. हे दौरे आता पुरे, असे त्याने अपघातापूर्वीच ठरवले होते.

चार दिवसांचे चांदणे सरले. १९७६ साली वडील घराला लागलेल्या आगीत गेले. तरीही त्याने कला सोडली नाही. १९७८ साली 'पोलीस स्टोरी' मालिकेतील भूमिकेसाठी एमी पुरस्काराकरिता त्याचे नाव पुढे आले. १९९३ मध्ये ब्रॉडवेवर 'ब्लड ब्रदर्स' या संगीतनाटकात तो सावत्र भाऊ शॉन याच्याबरोबर उभा राहिला. लोक मात्र त्याच्यात कीथच शोधत राहिले.

दारूने त्याला पोखरले. मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल त्याला एकदा नव्हे, अनेकदा अटक झाली. २०१५ साली त्याने दिवाळे जाहीर केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे त्याने सांगितले. पण आजाराचे मूळ दारू हेच, असे त्याने शेवटी कबूल केले. ते संभाषण २०१८ च्या माहितीपटात ऐकायला मिळाले. २१ नोव्हेंबर २०१७ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ६७ व्या वर्षी, तो गेला. किती वेळ वाया गेला, अशा अर्थाचे त्याचे शेवटचे शब्द होते, असे त्याची मुलगी अभिनेत्री केटी हिने सांगितले.

बंधुभगिनींनो, मुलांनी गाणी ऐकावीत, चित्रेही चिकटवावीत. आमच्या घरांतही हौसेने गाणारी, नाटकात उभी राहणारी मुले आहेत, त्यांचे कौतुक अवश्य करावे. पण टाळ्या थांबल्यावर जवळ बसून बोलणारे माणूस त्यांना घरात मिळाले पाहिजे. घरातली खरी गोष्ट मुलाला शेजाऱ्याकडून कळू देऊ नये. डेव्हिडला हजारो मुलींच्या आरोळ्या मिळाल्या. सहा वर्षांच्या डेव्हिडला हवे होते ते एवढेच, की बापाने समोर बसवून खरे ते सांगावे.