पाणी असं उडी मारत नाही

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी असा असतोच, ज्याच्या गाडीत कंपनीचं म्हणावं असं फारसं काही उरलेलं नसतं. माझ्याकडे तो मावसभाऊ आहे. कोल्हापूरचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. जुनी जिप्सी, आत एस्टीमचं एमपीएफआय इंजिन, रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन, बंपरवर हा एवढा मोठा एलईडी लाइटबार आणि डॅशबोर्डवर ऑनलाइन मागवलेला गोल टेम्परेचर मीटर. (इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. त्याच्या आधीच्या मालकाने ती केली होती. तुमचं माहीत नाही, पण पेपर दाखवायची वेळ येते तेव्हा इन्स्टाची रील चालत नाही.)

गाडीला आजार एकच. रात्री आंबा घाट चढायला लागलो की काटा ८५ वरून एकदम १०५ वर. गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं. वाफ नाही, वास नाही, बाटलीत कूलंट जागच्या जागी. दहा मिनिटांनी काटा गुमान खाली.

दोन गॅरेज झाली. पहिल्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की हे औषध ठरलेलंच. दुसऱ्याने रेडिएटर धुतला, नवं झाकण बसवलं. काटा मात्र उड्या मारतच राहिला. मग भावाने तेच केलं, जे तुम्ही-मी केलं असतं. मीटरकडे बघणं सोडून दिलं. 'तो येडाय, लक्ष नको देऊ.'

लांडगा आला रे आला, दुसरं काय!

एप्रिलमधली दुपार. गगनबावड्याला निघालो होतो, कळे मागे पडलं होतं. मीटर आधी थोडा वर गेला आणि मग चक्क उतरायला लागला. ९०, ८०, ७०. भाऊ खूश. 'बघ, सुधारली आपोआप!' दहा मिनिटांत गाडीचा पिकअप गेला, इंजिनातून टकटक यायला लागली आणि ती बंद पडली. खालच्या होज पाइपची क्लिप निसटली होती. पाणी केव्हाच रस्त्यावर सांडून गेलं होतं. हेडचं पॅकिंग गेलं, हेड वाकलं. फेसिंग, पॅकिंग, मजुरी, टोइंग यात पार्टटाइम नोकरीचे दोन महिने गेले आणि वर घरच्यांनी सुनावलं ते वेगळंच.

काटा खाली का आला, हे आधी समजून घ्या, कारण यातच सगळे फसतात. मीटर इंजिनचं तापमान मोजत नाही. तो सेंडरचं तापमान मोजतो. सेंडर म्हणजे इंजिनात पेचाने बसवलेला पितळेचा छोटा तुकडा, ज्याचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं. कूलंटच संपलं की ते टोक हवेत लोंबतं. आजूबाजूचा धातू भाजत असतो आणि सेंडर आपला थंड हवेचा रिपोर्ट देत बसतो. त्यामुळे गरम गाडीचा काटा विनाकारण खाली येताना दिसला तर खूश होऊ नका, गाडी बंद करा.

हे झालं त्या दुपारचं. पण रात्रीच्या उड्यांचं काय?

ते कोडं सोडवलं उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी. सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात. हेड बसवून झालं, थर्मोस्टॅट परत आत गेला, गाडी गरम झाली, काटा ८५ वर थांबला. मामा म्हणाले, 'लाइटबार लाव.' काटा टणकन १०५. 'बंद कर.' परत ८५. 'आता सांग पोरा, पाणी असं उडी मारतंय व्हय?'

बारावीचं फिजिक्स आठवा. इंजिन आणि रेडिएटरमध्ये मिळून पाच लिटर पाणी धरू. ते २० अंशांनी तापवायला साधारण ४२० किलोज्यूल लागतात. एका सेकंदात तापवायचं तर ४२० किलोवॅट! एस्टीमचं इंजिन सगळा जोर लावून ६०-६५ किलोवॅट देतं. म्हणजे क्षणात झालेली उडी ही पाण्याची असूच शकत नाही. ती वायरिंगची असते. पाणी तापतं ते हळूहळू, थांबतही हळूहळूच.

आता वायरिंग. या मीटरच्या सेंडरला एकच वायर असते. करंट परत जातो तो इंजिनच्या धातूतून. सेंडर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, मीटरला मिळणारं व्होल्टेज उतरतं आणि काटा चढतो. अडचण अशी की सेंडरचा अर्थ इंजिनला, मीटरचा अर्थ बॉडीला, आणि दोघांना जोडते एक अर्थिंगची पट्टी. लाइटबार, फॅन, हेडलाइट या सगळ्यांचा करंट बॉडीतून त्याच पट्टीने इंजिनवरच्या अल्टरनेटरकडे परत जातो. पट्टीचा जोड खराब असेल तर तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट अडकतो. मीटरला वाटतं, सेंडरचं व्होल्टेज उतरलं. म्हणजे गरम!

मामांनी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावला. एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन चालू, लाइटबार चालू. ०.६. हा आकडा ०.१च्या आसपास हवा. पट्टी काढली तर तिच्याखाली चकचकीत काळा रंग. इंजिन बसवताना चासीला नवा पेंट मारला होता आणि पट्टी त्याच्यावरच बोल्ट केली होती. फोटोत भारी दिसत होतं ते! पॉलिश पेपरने रंग खरवडला, पट्टी आवळली. व्होल्टेज ०.०८. लाइटबार लावला, काटा जागचा हलला नाही. खर्च शून्य. मामांनी त्याचे पैसेही घेतले नाहीत, फक्त चहा सांगायला लावला.

तुमच्या गाडीत कारण वेगळं असू शकतं. एकजण सेंडरच्या पेचावर प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळतो, अर्थ नीट मिळत नाही आणि काटा कायम खालीच. दुसरा एका कंपनीच्या मीटरला दुसऱ्याच कंपनीचा सेंडर लावतो. दोघांची भाषाच वेगळी, मग मीटर जन्मभर चुकीचं बोलतो. अशा वेळी सेंडर काढून (थंड इंजिनवर, प्लीज) दोऱ्याने उकळत्या पाण्यात सोडा आणि रेझिस्टन्स मोजून मीटरसोबत आलेल्या तक्त्याशी ताडा. कोल्हापूर-पुण्यात पाणी शंभरला नाही, ९८च्या आसपास उकळतं, तेवढं लक्षात ठेवा. इन्फ्रारेड गन असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मारा, कारण चकाकत्या अॅल्युमिनियमवर गन कमी आकडा दाखवते. कोविडमध्ये घेतलेली कपाळाची गन इथे कामाची नाही, चाळिशीच्या थोडं पुढे जाऊन ती हात वर करते.

घाटात मात्र यातलं काहीच जवळ नसतं. तेव्हा काटा वर गेला तर तो कसा गेला ते बघा. हळूहळू चढला असेल तर खरा माना, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद. टणकन उडाला असेल तर लाइट, फॅन बंद-चालू करून बघा, पण तेही गाडी थांबवूनच. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, फडका धरूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की थेट तोंडावर येतं.

पुढच्या शनिवारी रात्री आम्ही परत आंबा घाटात चाललोय. मल्टिमीटर माझ्या सॅकमध्ये आहे. भावाने होजच्या सगळ्या क्लिपा नव्या घातल्यात आणि मावशीला सांगितलंय की आम्ही ज्योतिबाला जातोय.