अध्ययनाची नोंद : कर्ता, क्रिया आणि कर्म

अनसिंग येथील एखादी मुलगी आईवडिलांबरोबर वर्षाच्या मध्येच परजिल्ह्यात गेली, तर शाळा सोडल्याचा दाखला तिच्याबरोबर जातो. आपल्या दाखल-खारीज रजिस्टरातील रकान्यांचा अर्थ नव्या शाळेतील गुरुजींनाही ठाऊक असतो. म्हणून दोन अपरिचित शाळांमधील हा व्यवहार सुरळीत चालतो. परंतु तीच मुलगी टॅबलेटवर वा मोबाइलवर जो अभ्यास करते, त्याची नोंद एका यंत्रणेतून दुसरीस वाचता येते काय? हे साधावे म्हणून जे सर्वमान्य नियम ठरविले जातात, त्यांस तांत्रिक प्रमाणके म्हणतात. त्यांची ओळख शिक्षकांस असणे अगत्याचे आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० साली ‘स्कॉर्म’ हे प्रमाणक पुढे आले. पाठ पूर्ण झाला किंवा नाही, गुण किती व वेळ किती लागला, एवढे त्यावरून कळे. तथापि पाठ ज्या यंत्रणेत उघडला, तिच्यापुरतीच ही नोंद बहुधा मर्यादित राही.

ही उणीव दूर करण्यासाठी २०१३ साली ‘एक्सपीरिअन्स एपीआय’ या प्रमाणकाची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये ‘आयट्रिपलई’ या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यास आपल्या प्रमाणकाचा दर्जा दिला. याची रचना व्याकरण शिकविणाऱ्यास सहज उमगेल. प्रत्येक नोंद हे एक वाक्यच असते : ‘सीतेने अपूर्णांकांची चाचणी सोडविली.’ यात कर्ता, क्रिया व कर्म ही तीन अंगे आवश्यक होत. गुण, वेळ व प्रसंग ही त्यांची पुस्ती. क्रियेचा अर्थही निश्चित असावा लागतो. एका यंत्रणेत ‘पूर्ण’ म्हणजे शेवटचे पान उघडले आणि दुसरीत ‘पूर्ण’ म्हणजे उत्तीर्ण झाली, असे असेल तर दोन्ही नोंदी एकत्र करणे व्यर्थ होय. यास्तव प्रत्येक क्रियेस कायमची खूण दिलेली असते. शिवाय एकदा केलेली नोंद खोडता येत नाही. चूक आढळल्यास ती रद्द करणारी दुसरी नोंद करावी लागते. रजिस्टरात खाडाखोड न करण्याचा आपला जुना नियमच येथे पाळला जातो.

आपल्या देशात ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेला ‘दीक्षा’ मंच ‘सनबर्ड’ या मुक्त प्रणालीवर उभारलेला आहे. तिचे नोंदीचे नियम वेगळे असले, तरी कोणी, केव्हा, कोणत्या संदर्भात व कशावर काय केले, हीच विचारणा त्यांत आहे. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतचिन्हावरून पाठ उघडला, की नोंदीस प्रारंभ होतो. जाळे उपलब्ध नसेल, तर ती उपकरणातच साठते व संपर्क होताच पुढे जाते.

यावरून शिक्षकाने दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. पहिली, उपकरणातील तारीख व वेळ बरोबर ठेवावी; अन्यथा श्रावणातील अभ्यास माघात पडावयाचा. दुसरी अधिक महत्त्वाची. एका मोबाइलभोवती पाच मुले बसली, तरी ज्याच्या नावाने प्रवेश घेतला तोच नोंदीतील कर्ता ठरतो. उरलेली चार मुले शिकली, पण कागदावर ती गैरहजरच. केवळ अशा नोंदीवरून एखाद्या मुलास मागासलेले ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होईल. हे पाचजण कोण, हे यंत्रास ठाऊक नसते, गुरुजींस असते. म्हणून गटाने केलेल्या अभ्यासाची टीप आपल्या दैनंदिनीत अवश्य ठेवावी.

बालकांची माहिती ही ठेव आहे, याचेही भान असावे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. सबब विद्यार्थ्यांची नावे व गुण वाटेल त्या समूहात पाठवू नयेत.

प्रमाणक म्हणजे केवळ सर्वांना कळेल असे वाक्य लिहिण्याची शिस्त. ते वाक्य खरे आहे किंवा नाही, हे मात्र वर्गात उभा असलेला शिक्षकच सांगू शकतो.