शेतकरी गृहिणीची साधने : कोणते आधी, कोणते नंतर?

सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी पंप घेण्यापूर्वी विहिरीचे पाणी अजमावतो, अवजार घेण्यापूर्वी जमिनीचा मगदूर पाहतो. स्वयंपाकाचे साधन आणताना मात्र ते जिला वापरायचे असते तिचे मत पुष्कळदा विचारले जात नाही. परिणामी मिक्सर फळीवर आणि गृहिणी चुलीच्या धुरात, अशी स्थिती कित्येक घरांत आढळते.

या जिल्ह्याचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी होय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून भाकरी थापून लगेच तव्यावर टाकावी लागते व शेवटी निखाऱ्यासमोर उभी करून फुगवावी लागते. कडक भाकरीस तर मंद आच बराच वेळ लागते. याच कारणाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गॅस आल्यावरही अनेक घरांत भाकरीपुरती चूल टिकून राहिली. तेव्हा साधनांची निवड भाकरीपासून सुरू करावी, हे उत्तम.

१. धूरविरहित चूल : वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूल व १९५३ मध्ये हैदराबादचे एस. पी. राजू यांनी पुढे आणलेली चूल ही या प्रयत्नांची जुनी उदाहरणे आहेत. पुढे गावोगाव सुधारित चुली बसविण्यात आल्या, परंतु त्यांपैकी पुष्कळ वापरातून गेल्या. चुलीचे तोंड अरुंद असेल तर निखारे पुढे ओढता येत नाहीत आणि भाकरी फुगत नाही. मग गृहिणी ते तोंड फोडून मोठे करते व धूर पुन्हा घरात येतो. यासाठी चूल घालण्यापूर्वी घरचा तवा मोजावा, निखाऱ्यास जागा ठेवावी, मागे वैल काढावा व धुराडे छपराच्या वर न्यावे. धुराड्यातील काजळी नियमित काढावी. धुरामुळे डोळे व फुप्फुसे यांना इजा होते. चुलीजवळ बसणाऱ्या लहान मुलांनाही त्याचा उपद्रव होतो.

२. प्रेशर कुकर : वाफ कोंडल्याने आतील उष्णता सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, म्हणून तुरीची डाळ लवकर शिजते व सरपण वाचते. शिट्टीचे छिद्र रोज पाहावे. रबरी कडे सैल झाल्यास बदलावे. वाफ पूर्ण उतरल्याखेरीज झाकण काढू नये.

३. उष्णतारोधक पेटी : हिला विकत घेण्याची गरज नाही. बांबूच्या टोपलीस आतून गोणपाट लावून चारी बाजूंस व तळाशी चार बोटे जाडीचा कोरडा भुसा किंवा जुना कापूस दाबून भरावा. भिजवलेली डाळ अथवा तांदूळ दहा मिनिटे खळखळ उकळावेत आणि झाकण न उघडता भांडे पेटीत ठेवून वर कापसाची उशी दाबावी. भात साधारण तासाभरात, तर डाळ दोन-तीन तासांत तयार होते. वाढण्यापूर्वी पुन्हा उकळी आणावी. शेतावर जाणाऱ्या स्त्रीस ही पेटी विशेष उपयोगी आहे.

४. गोबरगॅस : शेणी जाळल्यास शेताचे खत चुलीत जाते. गोबरगॅसमध्ये मात्र शेणापासून इंधन मिळून खतही हाती राहते. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. चार-पाच जनावरे असतील आणि उन्हाळ्यातही पाणी पुरत असेल, तरच हा खर्च करावा.

५. मिक्सर : याचा क्रम शेवटचा. शेंगदाण्याच्या चटणीस उखळ अधिक चांगले, कारण कुटताना दाण्याचे तेल सुटून चटणी एकजीव होते. मिक्सर वापरल्यास तो थांबवीत थांबवीत फिरवावा.

ग्रामसेवक व ग्रामसेविका यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी भाषणाऐवजी तव्यावर भाकरी करून दाखवावी, व ती गावातील स्त्रीच्या हातून करवावी. महिन्याने त्या घरी पुन्हा जाऊन साधन वापरात आहे का, ते पाहावे. नसेल तर दोष गृहिणीस न देता साधनात शोधावा व तो दूर करावा.