अष्टमीची भरती

सकाळी ६:१५

पहिला फोन वेळासहून. कासवमित्र पहाटे किनारा फिरून, उबवणी केंद्रातल्या टोपल्या उचलून बघून मग मला फोन करतो. माझा चहा व्हायच्या आत त्याचं निम्मं काम उरकलेलं असतं. "ताई, रात्री एक नवं घरटं सापडलं. एकशे चौदा अंडी. पिल्लं मात्र आज नाहीत."

मी वहीत लिहून घेते. पुण्यात दोन टेबलांच्या एका ऑफिसात मी निसर्गसहली ठरवते आणि फेब्रुवारी लागला की माझं सगळं लक्ष मंडणगड तालुक्यातल्या या एका गावाकडे लागतं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्रीची किनाऱ्यावर येते, दीड-एक फूट खोल खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा चौकशीला येत नाही. पुढचे ४५ ते ६० दिवस वाळूच्या उबेचे. ऊन वाढलं की दिवस घटतात. पिल्लू नर होणार की मादी, तेही ही ऊबच ठरवते. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. थोडक्यात, आमच्या सहलीची उत्सवमूर्ती अजून जन्माला यायची असते आणि तिची तारीख कोणी देऊ शकत नाही. आगाऊ रक्कम मात्र आम्ही आधी घेतो.

सकाळी ८

डब्याची भाजी गॅसवर आणि समोर कालनिर्णय. कोथरूडच्या एका सोसायटीतली बावीस माणसं होळीला जोडून येणारा शनिवार-रविवार मागतायत. रविवारी पौर्णिमा, सोमवारी धुळवड, म्हणजे तीन दिवस सुट्टी. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझा इथे सुरू होतो.

कोकणात भरतीची वेळ काढायचा सोपा हिशेब आहे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, सव्वाअकरा आले. चतुर्दशीला साडेदहा. थोडं इकडेतिकडे होतं, पण सहल आखायला पुरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आम्ही शनिवारी जाताना हरिहरेश्वरला थांबतो, आणि तिथली प्रदक्षिणा समुद्राला लागून असलेल्या खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करायची. पहाटे पाचला पुणं सोडलं तर ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत आम्ही तिथे पोचतो अकरा-साडेअकराला. त्या शनिवारी चतुर्दशी, साडेदहाची भरती, तीही उधाणाची. लाटा वाटेवर. बावीस जणांत सहा मुलं आहेत. मी वहीत त्या तारखेपुढे फुली मारली, पण पेन्सिलीने. तीन दिवसांच्या सुट्टीपुढे माझी फुली टिकणार नाही याचा अंदाज होता.

सकाळी १०:१०

सोसायटीचे काका. रोज याच वेळी फोन येतो आणि प्रश्न तोच.

"मॅडम, कासवं दिसणार ना?"

"काका, सांगता येत नाही."

"नाही दिसली तर पैसे किती परत?"

हा प्रश्न मला राग आणत नाही. पैसे मोजणाऱ्याने विचारलाच पाहिजे. मी सांगते की पैसे परत मिळणार नाहीत, कारण ते आम्ही कासवाचे घेतलेलेच नाहीत. गाडीचे, राहण्याचे, जेवणाचे घेतलेत. काका हसतात. मग विचारतात, खोलीत एसी आहे का? नाही. बीचवर शॅक? नाही. "मग आहे तरी काय हो?" गाव आहे, काका. नाना फडणविसांचं मूळ गाव. सुरूचं बन आहे, माडा-पोफळीच्या वाड्या आहेत. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या. लावलेली पोफळ हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात, माडालाही तेवढीच किंवा जास्त. एसीची विचारणा आली की मला हे आठवतं, बोलत नाही.

सकाळी ११:३०

ज्यांच्या घरी आम्ही उतरतो त्या काकूंना फोन. तारीख सांगितली तशी पलीकडे शांतता.

"अगो, शिमगा नाही का त्या दिवसांत! मुंबईचे आमचे दोन्ही दीर येतायत, पोराबाळांसकट. चाकरमान्यांनी घरं भरलेली असतात गो. पालखी दारात यायची, तेव्हा मी देवीची ओटी भरू की तुझ्या माणसांना पोहे करू?"

मी कपाळाला हात लावला. भरती बघितली, घरट्यांचे दिवस मोजले, आणि कोकणात माणूस गणपतीइतकाच शिमग्यालाही घरी येतो हे विसरले. कॅलेंडरवर होळी लाल अक्षरात होती; मी ती पुण्याची सुट्टी म्हणून वाचली.

"काकू, आदल्या आठवड्यात चालेल?"

"चालेल की. फाकपंचमीपासून लहान होळ्या पेटतातच, मुलांना गंमत. पण माणसं किती ते नक्की सांग. नारळ किती खवायचे ते कळायला नको?"

नारळावरून माणसं मोजणाऱ्या या बाईचा आकडा आजवर चुकलेला नाही. माझ्या संगणकातला दोनदा चुकलाय.

दुपारी १२:१५

गाडीवाला दादा. त्याला मी जुनीच तारीख देऊन ठेवली होती. नवी सांगितल्यावर जो सुस्कारा आला तो ऐकण्यासारखा होता. "बरं झालं ताई. मी आजच सांगणार होतो. मी गुहागरचा. शिमग्याला मी गाडी चालवत नाही, पालखी नाचवतो." म्हणजे काकूंनी हो म्हटलं असतं, तरी गाडी पुण्यातच राहिली असती.

बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीच्या खाडीतून जंगलजेट्टीने जायचं. येताना रविवारी दुपारी तिथे गाड्यांची रांग लागते, तेव्हा जेवून लगेच निघायचं, हे त्याने मला दहाव्यांदा बजावलं.

दुपारी १:३०

डबा आणि हिशेब एकाच टेबलावर. आदल्या आठवड्याच्या शनिवारी सप्तमी. सात त्रिक एकवीस, भागिले चार: सव्वापाच. पहाटे भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या सुमारास. आम्ही हरिहरेश्वरला पोचतो नेमके तेव्हा. शिवाय भांगाची भरती, पाण्याला फार जोर नाही. रविवारी अष्टमी, भरती सहाला. पिल्लं सोडतात साधारण सातला, म्हणजे पाणी जवळ आणि नुकतंच मागे फिरलेलं. चाल थोडी.

इथे मी जरा थांबले. पौर्णिमेच्या सकाळी सातला पाणी खूप लांब असतं, पिल्लांना बरंच चालावं लागतं, आणि बघणाऱ्यांना तेच हवं असतं. फोटो भरपूर मिळतात. अष्टमीला तमाशा लवकर आटपेल. पण ती चाल आमच्या फोटोसाठी नसते. पिल्लाने वाळूवरून स्वतःच्या वल्ह्यांनी जायचं असतं, म्हणून कोणी त्याला उचलून पाण्यात टाकत नाही.

कासवमित्राला विचारलं. त्या शनिवारी दोन घरट्यांचे दिवस भरतायत, एक ४८, एक ५१. यापेक्षा चांगली बातमी मला कोणी देऊ शकणार नाही, आणि ही बातमी हमी नव्हे.

दुपारी ३

सगळ्यात अवघड तास. बावीस माणसांना तीन दिवसांची सुट्टी सोडून साधा शनिवार-रविवार घ्यायला लावायचा. काकांना भरतीचं गणित सांगितलं; ऐकलं, पटलं नाही. प्रदक्षिणेच्या वाटेवर मुलं असतील हे सांगितलं, थोडं पटलं. काकूंकडे शिमग्याच्या गर्दीत संडासापुढे रांग लागेल म्हटल्यावर पाच मिनिटांत होकार आला. दोघांनी नावं काढली. राहिले वीस. संध्याकाळपर्यंत काकांच्या मेव्हणीचं जोडपं आलं, पुन्हा बावीस.

दुपारी ४:३०

फॉर्मची दुरुस्ती. त्यात मी एक वाक्य ठळक छापते: कासवाची पिल्लं दिसण्याची हमी नाही. तीन वर्षांपूर्वी दोन दिवस आम्ही टोपल्यांभोवती उभे होतो, एक पिल्लू निघालं नाही. परतताना जेट्टीवर असताना फोन आला, आत्ता ऐंशी निघाली. गाडीत कोणी माझ्याशी माणगावपर्यंत बोललं नाही.

फॉर्मच्या मागच्या पानावर थोडी माहिती असते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये इथे काम सुरू केलं तेव्हा अंडी माणसं खणून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री. संस्थेने गावातल्याच पोरांना हाताशी धरलं, घरटी कुंपणात हलवली. २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्याच घरांत राहू लागले. माझ्या मते खरी अक्कल या शेवटच्या गोष्टीत होती. १९७२चा वन्यजीव कायदा तेव्हाही होताच. पण काकूंच्या घरी पाहुणा जेवायला लागला, तेव्हापासून अंड्यांवर गावाची नजर बसली. जानेवारी २०२२मध्ये याच किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं गेलं. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. हे पान कोणी वाचत नाही. गाडीत ताम्हिणी चढताना मीच मोठ्याने वाचते.

संध्याकाळी ६:२५

वेळासचा दिवसातला दुसरा फोन. मागे समुद्राचा आवाज. "ताई, एकतीस सोडली. आत्ताच. तुम्ही हव्या होतात." समोर माझ्या पावतीपुस्तकाचा कार्बन उलटा लागलेला. सात पावत्या पुन्हा लिहिल्या.

रात्री ९:३०

सोसायटीच्या गटावर शेवटचा निरोप टाकला. पहाटे पाच म्हणजे पाच. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी, ताम्हिणी आणि म्हसळ्याची वळणं दोन्ही आहेत. ओले होतील असे जास्तीचे कपडे. जेवण शाकाहारी, शनिवारी रात्री उकडीचे मोदक. किती खाणार तो आकडा मला उद्या दुपारपर्यंत कळवा, काकूंना नारळ खवायचे आहेत. कुंपणाजवळ फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे अंधारात टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटीनचा कागद चिकटवून आणा. दुकानात मिळाला नाही तर काळजी करू नका. माझ्याकडे बावीस तुकडे कापून तयार आहेत.