आसीरगडची शपथ आणि यहेज्केलचा निवाडा

रावेरहून बऱ्हाणपूर ओलांडलं की सातपुड्याच्या माथ्यावर आसीरगड दिसतो. आज तो मध्य प्रदेशात आहे, पण दोनशे वर्षं खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकींचा तो शेवटचा आसरा होता. त्यांची जुनी राजधानी म्हणजे शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं थाळनेर. तिथे त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत.

इतिहासकार फिरिश्ता सांगतो की नासिर खान फारुकीनं बायकामुलांसाठी आसरा मागितला, पालख्यांतून हत्यारबंद माणसं आत घातली आणि विश्वास टाकणाऱ्या गडाच्या धन्याला, आसा अहिराला, मारून गड घेतला. 1601 च्या जानेवारीत अकबरानं तो बहादूर खान फारुकीकडून घेतला. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांताप्रमाणे, बहादूरला सुखरूप परत पाठवू, अशी खुद्द बादशहाच्या मस्तकाची शपथ घालून त्याला खाली बोलावलं आणि मग अडकवून ठेवलं. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल अशी शपथ सांगत नाही. त्याचा भर गडावरच्या रोगराईवर आहे. इतिहासकारांचा वाद आजही मिटलेला नाही. तरीही 'कपटानं आलं, कपटानं गेलं, देवानं न्याय केला' हे वाक्य सहज ओठांवर येतं, आणि जुन्या करारातले संदेष्टेही हेच सांगतात असं मानलं जातं.

संदेष्टा यहेज्केल मात्र नेमकं उलट सांगतो. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरानं सिद्कीयाला यरुशलेमच्या गादीवर बसवलं आणि देवाच्या नावानं निष्ठेची शपथ घ्यायला लावली. पुढे सिद्कीयानं घोडे आणि फौज मागायला इजिप्तकडे माणसं धाडली. आपल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात यहेज्केल बजावतो की शपथ मोडणारा सुटणार नाही, तो बाबेलातच मरेल. म्हणजे ज्यानं मोडली त्यानंच भोगायचं, तेही जिवंतपणी. लगेच पुढच्या अध्यायात तो स्पष्ट करतो की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. दोनशे वर्षांनी नातवा-पणतवाकडून वसुली करणारा देव यहेज्केलच्या पानांवर नाही. दुसरा सूरही जुन्या करारात आहे, हे मान्य करायला हवं. इस्राएलांनी गिबोनकरांना दिलेली शपथ राजा शौलानं मोडली म्हणून पुढे त्याच्या वंशजांना फासावर दिल्याची कथा शमुवेलाच्या पुस्तकात आहे. यहेज्केल त्या जुन्या समजुतीशीच भांडतो आहे.

परक्याला, त्यातही शत्रूला दिलेला शब्द देव मोजत नाही, हाही एक समज आहे. पण बाबेलचा राजा मूर्तिपूजक होता आणि त्याला दिलेली शपथ बळजबरीची होती. तरी यहेज्केलच्या तोंडून देव तिला 'माझी शपथ' म्हणतो.

आणि शपथ म्हणजे फक्त देवाला बोललेला नवस नव्हे. संदेष्टा यिर्मयाच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात बाबेलच्या वेढ्यात अडकलेले यरुशलेमचे धनी आपल्या हिब्रू दासदासींना सोडण्याचा करार करतात. वासरू चिरून दोन तुकडे समोरासमोर ठेवायचे आणि मधून चालत जायचं, अशी ती रीत होती. दास सुटतात. तेवढ्यात इजिप्तची फौज निघाल्याची बातमी येते, वेढा उठतो, आणि धनी त्याच माणसांना परत जुंपतात. यिर्मया मंदिरातल्या विधींबद्दल बोलत नाही. तो त्या दासांबद्दल बोलतो. माझ्या मते शपथभंगावरचं हे जुन्या करारातलं सगळ्यात धारदार पान आहे, कारण इथे मोडलेल्या शब्दाखाली सापडलेली माणसं दिसतात.

या मापानं आसीरगड पाहिला तर जाब नासिर खानाचा नासिर खानाकडे आणि पाद्र्यांचं खरं असेल तर अकबराचा अकबराकडे. बहादूर 1624 मध्ये आग्र्याला मेला. अकबरानं जिंकलेल्या मुलखाला शहजादा दानियालच्या नावावरून 'दानदेश' नाव दिलं, आणि काही वर्षांतच दानियाल बऱ्हाणपुरात दारूपायी गेला. याला बापाच्या शपथेचं फळ म्हणायचा मोह अनेकांना होईल. यहेज्केल तो निवाडा मान्य करणार नाही.