आधी फिल्टर, मग तेल

मोटारीचं ऑइल घरच्या घरी बदलता येतं का, असा प्रश्न ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत मला हमखास विचारतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मी बरीच वर्षं यंत्रांच्या देखभालीचं काम केलं. त्यामुळे याला यातलं कळत असणार, असा लोकांचा समज. माझं उत्तर ठरलेलं असतं. बदलता येतं, काम अवघड नाही. पण त्यात एक पायरी अशी आहे की तिथे अडलात तर गाडी जागची हलत नाही. ती पायरी म्हणजे ऑइल फिल्टर.

हा फिल्टर करतो काय, ते आधी पाहू. इंजिनातले धातूचे भाग सतत एकमेकांवर फिरत असतात. मध्ये तेलाचा पातळ थर असतो, म्हणून ते टिकतात. पंप हे तेल इंजिनभर फिरवतो आणि फिरता फिरता तेलात काजळी, धूळ, धातूचा बारीक कीस मिसळत जातो. तो अडवायला गाळणं हवं. १९२३ साली अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहाल्ग या दोघांनी मोटारीसाठी असं गाळणं तयार केलं. ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांवरून त्याचं नाव पडलं ‘प्युरोलेटर’. आज बहुतेक छोट्या गाड्यांना आट्यांवर फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा असतो. आत घड्या घातलेला कागद, तळाशी आटे पाडलेली जाड चकती आणि चकतीच्या कडेला एक रबरी रिंग. ही रिंग इंजिनाच्या बैठकीवर दाबून बसते आणि तेल बाहेर येऊ देत नाही.

सगळी गोम या रिंगमध्ये आहे. डबा हाताने आवळायचा असतो, पण घाईत पाना लावून आवळतात. रिंगला तेलाचा हात लावायचा असतो, पण ती कोरडीच बसवतात. त्यात महिनोन्‌महिने इंजिनाची उष्णता. रबर कडक होऊन बैठकीला जणू डिंकाने चिकटवल्यासारखं बसतं. पुढच्या वेळी डबा सोडवायला जाणाऱ्याच्या पदरात हे आयतं पडतं.

मध्यंतरी शेजारच्या विंगमधल्या एका गृहस्थांच्या बाबतीत असंच झालं. रविवारची दुपार. त्यांनी जुनं तेल काढून टाकलं आणि मग फिल्टरला हात घातला. आदल्या खेपेस कुठल्याशा गॅरेजमध्ये तो पान्याने आवळला होता. डबा ढिम्म हलेना. कुणीतरी सुचवलं, म्हणून डब्यात आरपार स्क्रू-ड्रायव्हर ठोकला आणि त्याचा दांडा करून पिळला. पत्रा कागदासारखा फाटत गेला, चकती मात्र जागची हलली नाही. इंजिनात तेल नाही, फिल्टर फाटलेला, दुकानं बंद होत आलेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना डायलिसिसला न्यायचं. मला हाक मारली ती या अवस्थेत.

त्या दिवशी आम्ही काय केलं, ते सांगतो. फाटका पत्रा कात्रीने कापून आतला कागद बाहेर काढला. उरली ती बैठकीला चिकटलेली चकती. तिच्या कडेला छिन्नी तिरकी टेकवून सुटायच्या दिशेने हलके हलके ठोके दिले. एकाच जागी न देता गोल फिरत फिरत. बैठक बहुधा ॲल्युमिनियमची असते. छिन्नी तिच्यावर घसरली आणि ओरखडा पडला, तर नवा फिल्टरही गळत राहतो. म्हणून जोर लावण्यापेक्षा वेळ लावला. अर्ध्या तासाने चकती सुटली. बैठक पुसली, बॅटरीच्या उजेडात ओरखडा नाही याची खात्री केली आणि मगच नवा फिल्टर चढवला.

हा सगळा खटाटोप टाळायला एकच नियम पुरेसा आहे : आधी फिल्टर हलतो का ते पाहा, मगच तेल सोडा. इंजिनात तेल आहे आणि फिल्टर शाबूत आहे, तोवर तुमची गाडी चालती आहे. डबा हललाच नाही, तर हत्यारं आवरा आणि गाडी चालवत गॅरेजमध्ये न्या. तेल सोडून बसलात की हा मार्ग बंद होतो.

आता डबा सोडवायचा कसा? गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा. गाडी उचलायची असेल तर ती स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही जाऊ नका. इंजिन कोमट असावं; गरम असेल तर हात भाजतो. डब्यावरचं तेल कोरड्या फडक्याने पुसा, कारण निम्म्या वेळा डबा अडकलेला नसतो, हातच घसरत असतो. सँडपेपरची खरखरीत बाजू डब्याकडे करून गुंडाळली तर पकड चांगली येते. तेवढ्याने नाही झालं तर पट्ट्याचा पाना किंवा डब्यावर टोपीसारखा बसणारा पाना आणा. पाना चकतीच्या जवळ लावा; मधोमध लावला तर डबा चेपतो.

आणि दिशा सांभाळा. डब्याच्या बंद तोंडाकडे सरळ पाहिलं, तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवल्यावर तो सुटतो. बॉनेटमधून वाकून वरून हात घातला की डावं-उजवं उलटं होतं. सोडवतोय असं समजून आणखी आवळणारे कमी नाहीत.

डबा निघाला की पहिली नजर रिंगकडे. जुनी रिंग डब्याबरोबर आली का? कधी कधी ती बैठकीलाच चिकटून राहते. तिच्यावर नवी रिंग बसली, तर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. मग तेलाच्या दाबाने रिंग सरकते आणि बघता बघता तेल रस्त्यावर येतं. तेलाचा लाल दिवा लागेपर्यंत इंजिनाचं नुकसान सुरू झालेलं असतं.

नव्या रिंगला बोटाने ताजं तेल लावा. डबा हातानेच फिरवा. रिंग बैठकीला टेकली की त्यापुढे साधारण पाऊण फेरा पुरतो. नेमका आकडा बहुधा डब्यावर छापलेला असतो, तो पाळा. डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. मग ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसकट आवळून, गाडीच्या पुस्तकात दिलंय त्या प्रतीचं आणि तेवढंच तेल भरा. इंजिन सुरू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर ताबडतोब बंद करा. खाली गळती नाही ना, ते पाहा. इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक तपासा. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र हा उद्योग घरी न केलेला बरा.

आता उरलं जुनं तेल. ऐरोलीत याचं महत्त्व इतर गावांपेक्षा कांकणभर जास्तच. इथली पावसाळी गटारं शेवटी ठाण्याच्या खाडीला मिळतात. २०१५ साली या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीतल्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून लोक बोटीने हे पक्षी पाहायला जातात. फ्लेमिंगोच्या चोचीतही एक गाळणं असतं. चिखलाच्या पाण्यातून बारीक शेवाळ आणि जीव गाळून तो पोट भरतो. त्याच पाण्यावर आपण तेलाचा तवंग सोडला, तर तो गाळून टाकायची सोय त्याच्या चोचीत नाही.

वापरलेलं तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. पण ते आपल्या घरातून गॅरेजपर्यंत आपल्यालाच न्यावं लागतं. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. तेल रिकाम्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू नका. जुनं तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणारं गॅरेज शोधा आणि कॅन तिथे पोचवा. ऑइल बदलण्याचं काम तिथे संपतं.